बाजारभावाचं कार्ड: सर्व्हरवर फोटो बनवून गावभर वाटायच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

काम सुरू करतोय म्हणून लिहून ठेवतोय, उद्या कोणाला असंच काही करायचं असलं तर निदान माझ्याच खड्ड्यात पडू नये.

दारव्हा रोडच्या फाट्यावर माझं ऑनलाइन फॉर्म अन् झेरॉक्सचं दुकान आहे. इकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सहाशेच्या वर सभासद आहेत, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दुपारी दारव्हा, दिग्रस, कारंजा, यवतमाळ अशा चार मार्केटचे भाव पडतात. आतापर्यंत हे एक दादा मोबाइलवर करायचा, कालच्याच फोटोवर पांढरा चौकोन ओढून त्यावर आजचे आकडे. सोयाबीन सोंगणीला आलं की त्याला वावरातून फुरसत नाही, मग भाव कधी चार वाजता येतो, कधी दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं वेब ॲप करून देतो, तू फक्त आकडे भर, फोटो आपोआप बनेल.

फोटोच कशाला, साधं पान का नाही? नुसत्या मजकुराची लिंक कोणी उघडत नाही, म्हणून. फोटो फॉरवर्ड होतो, टॉवर गेला तरी फोनमध्ये राहतो, म्हाताऱ्या माणसाला दोन बोटांनी मोठा करून पाहता येतो. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मी घालून पाहिला.

सामान असं: पायथन, त्यात वेब ॲप लिहायला फ्लास्क, चित्र काढायला पिलो लायब्ररी, समोर इंजिनएक्स (बाहेरून आलेली मागणी घेऊन फाइल देणारा किंवा ॲपकडे पाठवणारा). ॲप डॉकरमध्ये, म्हणजे लागणारं सगळं सामान एका डब्यात (कंटेनर) बंद करून, आणि डबा पायथनच्या स्लिम इमेजवर, म्हणजे मोजकंच सामान असलेल्या तयार साच्यावर. भाड्याचा सर्व्हर एक सीपीयू अन् १ जीबी रॅमचा, महिन्याला पाचशेच्या आसपास. कार्डवर किमान, कमाल, सरासरी भाव, आवक, आणि खाली २०२४-२५ चा हमीभाव: सोयाबीन ४,८९२, तूर ७,५५०, कापूस मध्यम धागा ७,१२१, लांब धागा ७,५२१. हमीभावाची ओळ दादानं स्वतः मागितली. "खाली लिवलं रायलं का लोकाईले समजते, आपण कितीनं लुटल्या जाऊन रायलो."

६ ऑक्टोबर

पहिला रस्ता सोपाच ठेवला. कोणी पत्ता उघडला की डेटाबेसमधून भाव घ्यायचे, चित्र काढायचं, मेमरीतच पीएनजी करायची, तशीच पाठवून द्यायची. डिस्कवर काहीच नाही.

दोन तास गेले कारण चित्र रिकामं येत होतं, शून्य बाइट. एरर काहीच नाही, स्टेटस २०० म्हणजे सगळं ठीक, फोटो मात्र नाही. मेमरीतल्या बफरमध्ये चित्र लिहून झालं की लिहिण्याची खूण शेवटाला जाऊन बसते, तिथून वाचायला घेतलं तर वाचायला उरतंच काय. सीक करून खूण शून्यावर आणायची ती एक ओळ राहिली होती. कॅसेट रिवाइंड न करता परत लावल्यासारखं.

ते झालं तर ब्राउझरमध्ये फोटोच्या जागी पानभर किडेमाकोडे. फ्लास्कचं तयार सेंड फाइल सोडून मी हाताने रिस्पॉन्स बनवत होतो, त्यात मजकुराचा प्रकार सांगायचा राहिला, मग फ्लास्क आपलं नेहमीचं टेक्स्ट एचटीएमएल लावून देतं. इमेज पीएनजी असं हेडर (फाइलसोबत जाणारी चिठ्ठी) लावलं, फोटो आला. परत सेंड फाइलवरच आलो, उगाच हुशारी नको.

दादाच्या भरायच्या पानावर नमुना दाखवायला चित्र बेस-६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, एचटीएमएलमध्येच चिकटवून पाहिलं. एका चित्राला चालतं, पण वजन तिसऱ्या हिश्शानं वाढतं आणि पान उघडेल तितक्यांदा सगळं परत उतरतं. काढून टाकलं.

८ ऑक्टोबर

लॅपटॉपवर कार्ड झकास. सर्व्हरवर टाकलं आणि मराठीचा पार चुराडा. 'क्विंटल' मधली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसली, क चा पाय मोडून हलन्त वेगळा लोंबतोय. 'पऱ्हाटी' तर वाचवेना. तेच कोड, तोच फॉन्ट, तीच पिलोची आवृत्ती. लॉगमध्ये एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही.

मला वाटलं फॉन्टच गंडला असणार. फाइल परत चढवली, दुसरा फॉन्ट लावला, मग मुक्ता लावला, सगळ्यांत तेच. मग गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो, त्याचे बॅनर कसे सुंदर दिसतात, तोच फॉन्ट पेन ड्राइव्हवर आणला आणि लावला तर कार्डवर मराठीचा एक शब्द नाही, नुसते चौकोन. तो जुन्या डीटीपीतला फॉन्ट, युनिकोड नाही. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, युनिकोडचा 'क' त्याला माहीतच नाही. पेन ड्राइव्हवर व्हायरस आला तो वेगळा. अर्धा दिवस गेला.

१० ऑक्टोबर

पिलोचा नाद सोडला. विचार केला, ब्राउझर मराठी नीट दाखवतो ना, मग ब्राउझरलाच कामाला लावू. कार्ड एचटीएमएल-सीएसएसमध्ये मांडलं, डॉकरमध्ये क्रोमियम टाकला, तो बिनपडद्याचा चालवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच फोटो म्हणून द्यायचा.

मराठी एकदम सरळ. डिझाइन पण दहा मिनिटात, सीएसएस आहे म्हटल्यावर काय. लई खूश झालो, दादाला नमुना पाठवला, त्यानं अंगठा दिला. डॉकरच्या इमेजचं वजन काही शे एमबीनं फुगलं, तिकडे डोळेझाक केली.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सोनं वाटून आलो आणि ग्रुपवरच्या आठ-दहा जणांना लिंक देऊन म्हटलं पाहा. पाच-सहा जणांनी एकाच वेळी उघडलं असेल. प्रत्येकासाठी एक क्रोमियम, १ जीबी रॅम. सर्व्हर जो गोठला तो मला आतही शिरू देईना. पॅनेलवरून रीबूट करून लॉग पाहिला तर कर्नलनं मेमरी संपली म्हणून क्रोमियम मारला, त्याच्यासोबत डेटाबेसही मारला. स्वॅप (डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरणं) लावून पाहिला, मग मरत नाही पण एक फोटो यायला २०-२५ सेकंद. एकच क्रोमियम जिवंत ठेवून त्यालाच रांगेनं काम द्यायचं हाही उपाय आहे, मोठ्या मशीनवर करतात लोक. पण मला मशीनचं भाडं दुप्पट करायचं नव्हतं, चार ओळी अन् मूठभर आकड्यांसाठी अख्खा ब्राउझर चालवायचा हे पटतही नव्हतं.

माझा भाचा पुण्यात कामाला आहे, तो म्हणे मामा, फोनच्याच ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर काढ ना, सर्व्हरला त्रासच नाही. गोष्ट बरोबर आहे पण इकडचे फोन पाहिले नाहीत त्यानं. आणि लिंकसोबत व्हॉट्सॲप जो छोटा फोटो दाखवतं त्याला तयार फोटोचा पत्ता लागतो, ते काही पानावरची जावास्क्रिप्ट चालवत बसत नाही.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

क्रोमियम काढण्याआधी सहज म्हणून जुना पिलोवाला पत्ता उघडला, तो कोडमध्ये तसाच पडून होता. मराठी सरळ! 'क्विंटल' बरोबर, 'पऱ्हाटी' बरोबर. मी हातच लावला नव्हता त्याला. आधी आनंद झाला, मग डोकं खाजवलं, कारण आपोआप दुरुस्त झालेलं आपोआप बिघडतंही. क्रोमियम काढून इमेज परत बांधली, मराठी परत तुटली. टाकला, जुळली. म्हणजे क्रोमियमसोबत काहीतरी आत येत होतं.

शोधता शोधता सापडलं ते असं. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही, वेलांटी आधी आणावी लागते, जोडाक्षर बांधावं लागतं. पिलो हे काम स्वतः करत नाही, रकम नावाच्या लायब्ररीकडून करून घेते (पैशाची रक्कम नव्हे, पण माझी चार दिवसांची रक्कम तिथेच बुडाली). पिपनं (पायथनचं सामान उतरवून देणारं साधन) येणाऱ्या पिलोमध्ये रकम आतच असते, पण तिला फ्रिबिडी नावाची आणखी एक लायब्ररी चालताना सिस्टीममधून हवी असते. ती नसली तर पिलो गुपचूप साध्या मांडणीवर येते अन् अक्षरं पत्त्यांसारखी मांडून मोकळी होते. माझ्या लॅपटॉपवरच्या डेस्कटॉप लिनक्समध्ये फ्रिबिडी आधीच होती. स्लिम इमेजमध्ये नव्हती. क्रोमियमच्या शेपटाला धरून ती आत आली.

तर क्रोमियम काढला आणि डॉकरफाइलमध्ये फ्रिबिडीचं एक पॅकेज टाकलं, काही केबीचं. चार दिवसांचं काम एका ओळीचं होतं. आता ॲप सुरू होतानाच पिलोला विचारतो, रकम आहे का, नसेल तर ॲप उठतच नाही, तिथेच बोंब मारतं. तुटकी मराठी गावभर फिरण्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

चाचणीचे शब्दही ठरवून टाकले: क्विंटल, पऱ्हाटी, वऱ्हाड, दर्जा, ज्ञानेश्वर, कृषी. हे सहा नीट आले की बाकी येतंच. पऱ्हाटी-वऱ्हाड मुद्दाम, तो अर्धा र आपलाच, हिंदीवाल्यांच्या चाचणीत तो सापडत नाही.

१५ ऑक्टोबर

कार्ड रिटायर गुरुजींना दाखवलं. चष्मा वर केला, खाली केला. "पोरा, हा ल अन् हा श हिंदीचा हाये. चौथीत असं लिवलं असतं त मी दोन छड्या देल्या असत्या."

खरंच. युनिकोडमध्ये ल एकच, पण मराठी वळण वेगळं, फॉन्टमध्ये दोन्ही असू शकतात आणि भाषा सांगितल्याशिवाय मराठीचं मिळत नाही. पिलोच्या मजकूर काढायच्या फंक्शनमध्ये भाषेचा पर्याय आहे, तो रकम असेल तरच चालतो. तिथे मराठीचा कोड दिला, नोटो सान्स देवनागरीमध्ये ल आणि श वळले. गुरुजींना परत दाखवलं, यावेळी मान हलवली अन् 'आवक'च्या खाली शुद्धलेखनाची वेगळी चूक काढली.

१८ ऑक्टोबर

आजपासून खरं चालू. दादानं १२ वाजून १० मिनिटांनी भाव भरला, ग्रुपवर लिंक टाकली, १२ वाजून १२ ला माझा फोन वाजायला लागला. "उघडून नाई रायलं." "नुसतं गोल गोल फिरून रायलं." "काहून बंद केलं बे?"

हर्रास (मालाचा लिलाव) सुरू झाली की सगळे एकाच दोन मिनिटांत पाहतात, पूर्ण दिवसाची गर्दी तेवढ्यातच. ॲप चालवणाऱ्या गुनिकॉर्नचे वर्कर, म्हणजे काम करणारे हात, दोन, एक फोटो बनायला जवळपास दोन सेकंद, म्हणजे मिनिटाला फार तर साठ फोटो, आणि माणसं तीनशे. मागे रांग लागली, वैतागून लोक परत परत दाबतात त्यानं रांग आणखी वाढते, काहींना गेटवे टाइमआउट.

रात्री घड्याळ लावून बसलो, दोन सेकंद जातात कुठे? मला वाटलं मराठी मांडणीत जात असतील. अजिबात नाही. कंपनीचा लोगो मला एका सभासदाने मोबाइलवर काढून पाठवला होता, चार हजार पिक्सेलचा, आणि मी तो दर फोटोच्या वेळी उघडून दीडशे पिक्सेलचा करत होतो. एक सेकंदाच्या वर तिथेच. पीएनजी जास्तीत जास्त दाबून दे म्हणून ऑप्टिमाइझ लावलेलं, अर्धा सेकंद तिथे. बाकी फॉन्ट दरवेळी डिस्कवरून उघडणं अन् सटरफटर. प्रत्यक्ष अक्षरं काढायला वेळ लागतच नव्हता.

लोगो एकदाच लहान करून ठेवला, फॉन्ट ॲप सुरू होताना एकदाच उघडतो, चित्र ६४ रंगांवर आणलं. फाइल ४१० केबीवरून ५८ केबी, वेळ ०.१ सेकंदाच्या आत. जेपीईजी पण करून पाहिली, आकड्यांच्या कडेनं मळकट ठिपके येतात, ३ आणि ८ मध्ये घोळ होतो. भावाच्या कार्डावर ते नको. मोठ्या सपाट रंगावर अक्षरं असली तर कमी रंगांची पीएनजीच बरी, शेताचा फोटो असता तर जेपीईजी घेतली असती.

२० ऑक्टोबर

वेग वाढला तरी मुळात मूर्खपणा तोच. भाव दिवसातून दोनदा-तीनदा बदलतो आणि मी तोच फोटो तीनशेदा काढतोय. एकच पत्रिका तीनशेदा छापायची, ज्याला द्यायची तो दारात आला की.

म्हणून आता फोटो डिस्कवर ठेवायचा. इंजिनएक्सला सांगितलं, आधी फाइल आहे का पाहा, असेल तर तूच दे, नसेल तरच ॲपकडे जा. ट्राय फाइल्सची एक ओळ. ॲप फोटो बनवतं, डिस्कवर लिहितं, देतं, पुढच्यापासून पायथनला उठवायचीच गरज नाही.

लगेच तीन गोष्टी फुटल्या, एकीतून दुसरी.

आधी अर्धा फोटो. वरचे दोन मार्केट दिसतात, खाली काळं. फाइल लिहिणं चालू असतानाच इंजिनएक्सनं ती अर्धी उचलून दिली. म्हणून आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं आणि पूर्ण झाली की नाव बदलून जागेवर आणायची, नाव बदलणं एका झटक्यात होतं, मधली अवस्था कोणाला दिसत नाही.

तर नाव बदलताना एरर: क्रॉस-डिव्हाइस लिंक. तात्पुरती फाइल कंटेनरच्या टेम्पमध्ये, फोटोंचा फोल्डर बाहेरून जोडलेला, दोन वेगळ्या फाइलसिस्टीम, एकातून दुसऱ्यात नाव बदलून जाता येत नाही. तात्पुरती फाइल फोटोंच्याच फोल्डरमध्ये बनवायला लागलो.

तर ४०३. फाइल आहे, पूर्ण आहे, इंजिनएक्स म्हणतो परवानगी नाही. पायथनचं एमकेएस-टेम्प सुरक्षेसाठी फाइल ०६०० नं बनवतं, मालक सोडून कोणी वाचू शकत नाही, आणि नाव बदललं तरी परवानगी तीच राहते. ०६४४ केलं, म्हणजे वाचायला सगळ्यांना मोकळी. तासभर मी इंजिनएक्सची फाइल उलटीपालटी करत होतो, त्याचा काही संबंध नव्हता. त्यात मधेच लोडशेडिंग, इन्व्हर्टरवर झेरॉक्स मशीन कोणीतरी चालू केली आणि राऊटर गेला.

२३ ऑक्टोबर

आज वाईट झालं.

काल फोटोंना कॅशचं हेडर लावलं होतं, म्हणजे फोननं आपल्याकडची प्रत जपून तीच दाखवायची, सात दिवस. फोटोचा पत्ता रोज एकच, 'आज' नावाची पीएनजी. माझ्या डोक्यात एवढंच की सर्व्हरवर भार कमी, लोकांचा डेटा वाचेल.

आमच्या पाणंद रस्त्याकडचे एक काका, त्यांचं खळं झालेलं, १८ पोते सोयाबीन. सकाळी लिंक उघडून पाहिलं, भाव बरा दिसला, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं केला, माल भरून मार्केटला गेले. तिथे भाव दीडशेनं कमी. अडत्याला फोन दाखवतात, तो हसतो. फोनच्या ब्राउझरनं त्यांना कालचाच फोटो दाखवला होता, सर्व्हरला न विचारता, कारण मीच सांगितलं होतं सात दिवस विचारू नको. कार्डवर तारीख होती पण बारीक, कोपऱ्यात, करड्या रंगात, मला तेव्हा ते छान दिसत होतं.

काका संध्याकाळी दुकानात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन काउंटरवर ठेवला अन् म्हणाले, "याच्यात काय बिघाड आला पाह्य बरं." बिघाड फोनमध्ये नव्हता. सांगितलं त्यांना. ट्रॅक्टरचं भाडं देऊ केलं, घेतलं नाही.

रात्री हे बदललं. दर नव्या कार्डाला नवा पत्ता: पीक, तारीख आणि पुढे भावांच्या मजकुरावरून काढलेला छोटा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा. एक आकडा बदलला की हॅश बदलतो, नाव बदलतं, जुनी कॅश कोणाच्याही फोनमध्ये असो, नव्या नावाला ती लागू होत नाही. त्या फोटोंना आता वर्षभराची कॅश लावली तरी हरकत नाही. उलट ज्या पानावर फोटो आहे ते पान आणि 'आज'चा कायमचा पत्ता, यांना नो-कॅश, म्हणजे दरवेळी सर्व्हरला विचारायचंच. 'आज' आता फोटो देत नाही, ताज्या फोटोच्या पत्त्याकडे पाठवून देतो, ३०२ नं.

आणि तारीख-वेळ कार्डाच्या डोक्यावर, भावाएवढ्याच मोठ्या अक्षरात.

२४ ऑक्टोबर

तारीख मोठी केली आणि कार्ड अजून जुनंच दिसतंय. हसू आलं. भाव बदलले नाहीत, हॅश तोच, डिस्कवर जुन्या डिझाइनची फाइल पडलेली, इंजिनएक्स तीच देतोय. हॅशमध्ये डिझाइनचा क्रमांकही घातला, डिझाइनला हात लावला की तो एकनं वाढवायचा.

अजून एक बदल. पहिला माणूस येईल तेव्हा फोटो बनवायचा, हे सोडून दिलं. दादा भाव सेव्ह करतो त्याच क्षणी बनवतो, बनला तरच त्याला "झालं" दाखवतो. काही तुटलं तर त्याला दिसेल, गावाला नाही.

२७ ऑक्टोबर

लिंकसोबतचा छोटा फोटो. त्यासाठी पानाच्या डोक्यात ओजी-इमेजचा टॅग लागतो. मी अर्धा पत्ता दिला होता, स्लॅशपासून सुरू होणारा, फोटो आलाच नाही. पूर्ण पत्ता, एचटीटीपीएससकट, द्यावा लागतो. एसव्हीजी देऊन पाहिली, हलकी असते म्हणून, ती तिथे चालत नाही. हा छोटा फोटो पाठवणाऱ्याचा फोन लिंक टाकताना आणतो, म्हणजे दादाचं नेटवर्क वाईट असलं की कोणालाच फोटो दिसत नाही. दादाला सांगितलं, लिंक टाकून दोन सेकंद थांब, फोटो आला की मग पाठव.

संध्याकाळचं कार्ड ६ वाजता आपोआप बनायला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) लावला होता, ते रात्री साडेअकराला बनतंय. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. त्याच कारणानं सकाळी साडेपाचच्या आधी भरलेल्या भावावर कालची तारीख छापली जात होती, ते कोणाच्या लक्षात आलं नाही कारण तेव्हा फक्त दूधवाले जागे असतात. कोडमध्ये सगळीकडे आशिया-कोलकाता ही भारतीय वेळ स्पष्ट लिहिली, सर्व्हरच्या घड्याळावर विसंबणं बंद.

३ नोव्हेंबर

दिवाळीत मार्केट बंद, पोट्टे घरी. कॉलेजातल्या एका पोट्ट्यानं पाहिलं की फोटोच्या पत्त्यात रुंदी देता येते. मीच ठेवलं होतं, लहान फोनला लहान फोटो म्हणून, आणि ती वाट अजून सरळ ॲपकडे जात होती. त्यानं २०००० टाकले, मी उंचीही त्याच प्रमाणात धरत होतो. २० हजार गुणिले २० हजार म्हणजे ४० कोटी पिक्सेल, पिलो एका रंगीत पिक्सेलला ४ बाइट घेते, १.६ जीबी. १ जीबीच्या मशीनचं काय झालं ते सांगायला नको. पोट्टा स्वतः येऊन सांगून गेला, त्याला चहा पाजला.

रुंदी आता दोनच, ५४० आणि १०८०, दोन्ही सेव्हच्या वेळीच बनतात. तिसरी काही मागितली तर ४०४. बाहेरून आलेल्या आकड्यावर चित्र काढायचं असेल तर आधी यादी करा, एवढं माझं ऐका.

जुने फोटो ३० दिवसांनी उडवायचा क्रॉनही लावला, यावेळी वेळ नीट मोजून.

९ नोव्हेंबर

कंपनीनं पुढचं काम काढलं: ज्याचा माल केंद्रावर मोजला त्याला काट्याच्या पावतीचा फोटो. पोते, वजन, कट्टी (कपात), भाव, एकूण रक्कम.

पद्धत तीच वाटते पण इथे उलटं आहे सगळं. भावाचं कार्ड जितकं पसरेल तितकं बरं. पावती एकाचीच, दुसऱ्याला दिसली तर भांडणं लागतील, कोणाला किती पैसे आले हे गावात लपवावं लागतंच. म्हणून पावतीचे फोटो इंजिनएक्सच्या उघड्या फोल्डरमध्ये नाहीत. मागणी आधी ॲपकडे येते, ॲप लॉगिन पाहतं, पावती त्याचीच आहे ना पाहतं, आणि मग स्वतः फाइल न वाचता फक्त एका हेडरमध्ये इंजिनएक्सला आतला रस्ता सांगतं, एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट म्हणतात त्याला. फाइल इंजिनएक्सच देतो, तो आतला रस्ता बाहेरून कोणी टाइप केला तर ४०४. कॅश हेडर प्रायव्हेट, नो-स्टोअर, म्हणजे प्रत कुठेच जपू नको, कारण एका घरात तीन भावांचा मिळून एक फोन असतो.

पावती क्रमांक पत्त्यात सरळ १, २, ३ असा ठेवला होता. शेजारच्याचा क्रमांक टाकून पाहिला, लॉगिनच्या तपासणीनं अडवलं, तरी बदलून लांब रँडम केला.

१४ नोव्हेंबर

हिशोब: सर्व्हर दोन महिन्यांचे हजार, डोमेन साडेआठशे, पेन ड्राइव्हच्या व्हायरसपायी लॅपटॉप फॉरमॅट केला ते तीनशे. वेळ धरला तर महिना-सव्वा महिना रात्रीचा, त्यातले चार दिवस फ्रिबिडी अन् क्रोमियमच्या भानगडीत. सर्व्हर तोच १ जीबीचा, दुपारी १२ च्या गर्दीत सीपीयू ३-४ टक्क्यांच्या वर जात नाही.

आज दुपारी ते काका परत आले, तूर अजून वावरात आहे, कापूस वेचून घरी. फोन काढला, कार्ड उघडलं, भावाकडे पाहिलंच नाही, आधी वरची वेळ वाचली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "याची एक झेरॉक्स दे." पानठेल्यावर चिकटवायची होती.